उदाहरण नेमके कुठे अडते? त्रिकोणमिती शिकणाऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे

त्रिकोणमितीची उदाहरणे सोडवताना शिकवणीच्या शिक्षकांची मदत कशी घ्यावी, किती घ्यावी आणि कुठे थांबवावी, याविषयी विद्यार्थ्यांची, पालकांची आणि स्वतः शिकवणी घेणाऱ्यांचीही पत्रे आली आहेत. ज्या प्रश्नांची उत्तरे इतर वाचकांच्याही उपयोगी पडतील, असे काही प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रांतील मजकूर आवश्यक तेवढा संक्षिप्त केला आहे.

प्रश्न : शिकवणीचे सर उदाहरण सोडवून दाखवतात तेव्हा मला प्रत्येक पायरी कळते आणि मी ती वहीत व्यवस्थित उतरवूनही घेते. पण घरी तशाच प्रकारचे उदाहरण समोर आले की पहिली ओळच सुचत नाही. माझा सराव कमी पडतो आहे का? (एक विद्यार्थिनी)

उत्तर : सराव कमी पडत असेल तर तो वाढवता येईल, परंतु तुझ्या पत्रावरून अडचण सराव किती आहे यापेक्षा तो कशाचा आहे, याची वाटते. कोणतेही उदाहरण सोडवताना दोन कामे करावी लागतात : पुढची पायरी कोणती घ्यायची हे ठरवणे आणि ठरलेली पायरी न चुकता लिहिणे. सर फळ्यावर लिहितात तेव्हा पहिले काम त्यांनी मनातल्या मनात उरकलेले असते आणि तुझ्यासमोर फक्त दुसरे येते. ते तुला पटते, कारण लिहिलेली पायरी बरोबर आहे की नाही हे तपासणे तुला जमते. ती पायरी निवडण्याची वेळ मात्र तुझ्यावर कधी आलेलीच नसते, आणि घरी कोऱ्या पानासमोर बसल्यावर नेमकी तीच येते.

एक नेहमीचे उदाहरण घेऊ. साइन थीटा भागिले (१ + कॉस थीटा), अधिक (१ + कॉस थीटा) भागिले साइन थीटा, ही बेरीज २ कोसेक थीटा एवढी असते, हे सिद्ध करायचे आहे. सर छेद समान करतात, वर्गाचा विस्तार करतात, साइनचा वर्ग आणि कॉसचा वर्ग मिळून १ लिहितात, २ सामाईक काढतात आणि चार-पाच ओळींत उदाहरण संपते. आता प्रत्येक ओळीला ‘हेच का?’ असे विचारून पाहा. छेद समान का केला? उजव्या बाजूला एकच पद आहे आणि डाव्या बाजूला दोन, म्हणून दोहोंचे एक करणे भाग आहे. वर्गाचा विस्तार का केला? अंशात साइनचा वर्ग सुटा आहे, तर कॉसचा वर्ग कंसात अडकलेला आहे. तो बाहेर आल्याखेरीज दोघांचे मिळून १ होणार नाही. अंशात २ + २ कॉस थीटा उरल्यावर २ सामाईक का काढला? छेदात (१ + कॉस थीटा) आहे आणि त्याला छाटायचे आहे. छाटल्यावर २ भागिले साइन थीटा, म्हणजेच २ कोसेक थीटा उरते. तुझ्या वहीत पायऱ्या आहेत, पण ही कारणे नाहीत, आणि पुढच्या उदाहरणात पायऱ्या बदलल्या तरी कारणे बहुधा हीच राहतात.

म्हणून सरांना एक विनंती कर : उदाहरण वाचून झाल्यावर त्यांनी लगेच खडू उचलू नये, पहिली पायरी तुला विचारावी आणि तू चुकीची सांगितलीस तरी ती दोन ओळी पुढे नेऊन पाहू द्यावी. चुकीच्या वाटेने दोन ओळी गेल्यावर ती का अडली हे दिसते, तेव्हा बरोबर वाट लक्षात राहते. घरी मात्र उतरवून घेतलेले उदाहरण दुसऱ्या दिवशी वही मिटून पुन्हा सोडव. जिथे हात थांबेल त्या ओळीखाली रेघ मार आणि वही न उघडता थोडा वेळ विचार कर. तरीही सुचले नाही तर ती रेघ मारलेली ओळ घेऊन सरांकडे जा. ‘मला हे उदाहरण येत नाही’ असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला शिक्षक सगळे उदाहरण पुन्हा सांगतात. ‘मी इथपर्यंत आले आणि अंशातले हे पद कसे मोडावे ते कळत नाही’ असे म्हणणाऱ्याला ते नेमके तेवढेच सांगू शकतात. खोडलेले काम पुसून स्वच्छ वही नेण्याची सवय असेल तर ती आजच सोड, कारण शिक्षकांना सर्वांत उपयोगी पडते ते खोडलेलेच.

प्रश्न : (१ − साइन थीटा) भागिले कॉस थीटा बरोबर कॉस थीटा भागिले (१ + साइन थीटा) ही नित्यसमानता सिद्ध करताना मी तिरकस गुणाकार केला. दोन्ही बाजूंना कॉस थीटाचा वर्ग आला, म्हणून ‘सिद्ध झाले’ असे लिहिले. शिकवणीच्या ताईंनी ते पूर्ण खोडले. उत्तर बरोबर आले असताना ते चूक कसे? (एक विद्यार्थी)

उत्तर : ताईंचे खोडणे योग्य आहे, पण तुझे काम वाया गेलेले नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि त्या समजून घेण्यासारख्या आहेत. तिरकस गुणाकार करताना तू दोन्ही बाजू समान आहेत असे धरून चालला होतास, आणि तेच तर सिद्ध करायचे होते. जे सिद्ध करायचे ते धरून निघाल्यावर शेवटी खरे विधान मिळाले, तर त्यावरून सुरुवातीचे विधान खरे ठरत नाही. −१ = १ हे विधान खोटे आहे; तरी दोन्ही बाजूंचा वर्ग केला की १ = १ हे निखालस खरे विधान मिळते. खोट्यापासून खऱ्यापर्यंत असे जाता येत असल्यामुळे, खऱ्यापर्यंत पोचलो एवढा पुरावा पुरत नाही.

तुझ्या उदाहरणात मात्र प्रत्येक पायरी उलटी चालवता येते, फक्त कॉस थीटा आणि १ + साइन थीटा ही दोन्ही शून्य नसावीत. तेव्हा तिरकस गुणाकार कच्च्या कामाच्या पानावर अवश्य कर. त्यातून तुला कळते की (१ − साइन थीटा) आणि (१ + साइन थीटा) यांचा गुणाकार कॉसचा वर्ग देतो. आता पक्क्या पानावर डाव्या बाजूपासून निघ आणि अंश व छेद दोहोंना (१ + साइन थीटा) ने गुण. अंशात १ वजा साइनचा वर्ग, म्हणजे कॉसचा वर्ग येईल, छेदातला एक कॉस त्याच्याशी छाटला जाईल आणि उजवी बाजू जशीच्या तशी समोर येईल. पुस्तकात ‘अंश व छेद यांना अमुकने गुणून’ असे वाचल्यावर हे अमुक कुठून सुचले, असा प्रश्न अनेकांना पडतो. ते बहुतेक वेळा अशाच कच्च्या कामातून सुचलेले असते. पुस्तक ते पान छापत नाही, एवढेच.

वर्ग आणि वर्गमूळ आले की अधिक जपावे लागते. (१ − साइन थीटा) भागिले (१ + साइन थीटा) याचे वर्गमूळ सेक थीटा − टॅन थीटा एवढे असते, असे उदाहरण तू केले असशील. लघुकोनासाठी ते खरे आहे. पण थीटाची किंमत १८०° घे : साइन शून्य असल्यामुळे वर्गमूळ १ येते, आणि सेक वजा टॅन −१ येते. कॉस ऋण असलेल्या चरणांत उजवी बाजू ऋण होते, वर्गमूळ मात्र धनच राहते. थीटा लघुकोन आहे, ही अट उदाहरणात का लिहिलेली असते, ते येथे दिसते.

आणखी एक सवय लाव. सिद्धता लिहायला बसण्यापूर्वी ३०° किंवा ६०° ची किंमत घालून दोन्ही बाजू जुळतात का ते पाहा. त्या जुळल्या नाहीत तर उदाहरण उतरवताना कुठेतरी चूक झाली आहे हे आधीच कळते. जुळल्या म्हणून नित्यसमानता सिद्ध होत नाही, हे मात्र विसरू नकोस. या पडताळ्यासाठी ४५° घेऊ नये, कारण तेथे साइन आणि कॉस सारखेच असल्यामुळे चुकीची विधानेही खरी भासतात. टॅन थीटा + कॉट थीटा = २ हे ४५° ला बरोबर जुळते; ३०° ला तीच बेरीज सुमारे २.३१ येते.

प्रश्न : मला स्वतःला त्रिकोणमिती येत नाही. मुलीची शिकवणी नियमित चालू आहे, घरचा अभ्यास सगळा बरोबर असतो, वही नीटनेटकी असते. तरी परीक्षेतले गुण वाढत नाहीत. शिकवणीचा उपयोग होतो आहे की नाही, हे माझ्यासारख्याने कसे ओळखावे? (एक पालक)

उत्तर : आपण लिहिलेल्या तीन गोष्टींपैकी ‘सगळा बरोबर’ आणि ‘नीटनेटकी’ या दोन गोष्टींनीच थोडे थांबून पाहावेसे वाटते. त्रिकोणमिती खरोखर शिकत असलेल्या मुलांच्या वहीत अर्धवट सोडलेल्या पायऱ्या असतात, दोनदा काढलेल्या आकृत्या असतात, खाडाखोड असते. यांपैकी काहीच नसेल तर उदाहरणे शिकवणीत सोडवून दिली जात असण्याची आणि मुलगी ती उतरवून घेत असण्याची शक्यता आहे. यात मुलीचा आळस किंवा शिक्षकांची हयगय असेलच असे नाही. मूल अडखळलेले पाहवत नाही म्हणून चांगले शिक्षकही पटकन मदतीला धावतात.

ओळखण्यासाठी आपल्याला त्रिकोणमिती येण्याची गरज नाही. आठवड्यातून एखादे सोडवलेले उदाहरण मुलीला आपल्याला समजावून सांगायला लावा आणि तीनच गोष्टी विचारा : काय दिले आहे, काय काढायचे आहे, आणि येथे टॅनच का घेतला, साइन का नाही. उत्तरात ‘कारण कर्ण माहीत नाही आणि विचारलेलाही नाही’ असे काही आले तर समज पक्की आहे. ‘सरांनी असेच करायला सांगितले आहे’ एवढेच आले तर शिक्षकांशी बोलण्याची वेळ झाली आहे. बोलताना तक्रारीचा सूर नसावा. मुलीला पहिली पायरी स्वतः घेऊ द्यावी, एवढीच विनंती करावी.

आणखी एक शक्यता पत्रातून कळत नाही, पण ती फार वेळा खरी ठरते. मुलगी त्रिकोणमितीत अडत नसून तिच्या खालच्या गणितात अडत असेल. अपूर्णांकांची बेरीज, वर्गांतराचे अवयव, छेदाचे परिमेयीकरण, समरूप त्रिकोणांच्या बाजूंचे प्रमाण, यांपैकी एखादी गोष्ट कच्ची असली तर त्रिकोणमितीचे प्रत्येक उदाहरण तिसऱ्या-चौथ्या ओळीला मोडते आणि दोष मात्र साइन-कॉसला मिळतो. तपासलेल्या उत्तरपत्रिका शिक्षकांसमोर ठेवून प्रत्येक चूक कोणत्या ओळीला झाली हे मुलीसह पाहा. चुका बीजगणिताच्या निघाल्या तर महिनाभर मागे जाऊन ते पक्के करावे, त्यात वेळ गेला असे मुळीच होत नाही.

प्रश्न : उंची आणि अंतरावरची शाब्दिक उदाहरणे वाचली की गोंधळ उडतो. आकृती काढा असे सगळे सांगतात, पण आकृतीच चुकते. (एक विद्यार्थी)

उत्तर : आकृती एका दमात काढायची असते, असा समज झाला असावा. ती वाक्यावाक्याने वाढवायची असते. पुढचे उदाहरण बघ : ‘एका मनोऱ्याच्या टोकाकडे पाहताना उन्नत कोन ३०° होतो. मनोऱ्याच्या दिशेने ४० मीटर पुढे गेल्यावर तो ६०° होतो. मनोऱ्याची उंची काढा.’ पहिल्या वाक्याला फक्त जमिनीची आडवी रेघ, तिच्यावर उभा मनोरा, दूरवर एक बिंदू आणि त्या बिंदूपाशी ३०° चा कोन, एवढेच काढ. मग दुसरे वाक्य वाच, त्याच रेघेवर मनोऱ्याकडे सरकून दुसरा बिंदू घे, दोन बिंदूंमध्ये ४० लिही आणि नव्या बिंदूपाशी ६०° लिही. जवळ गेल्यावर मान अधिक वर करावी लागते, म्हणून मोठा कोन जवळच्या बिंदूचा, हे एकदा स्वतःशी म्हण. फार चुका या दोन कोनांची अदलाबदल झाल्याने होतात. तिसऱ्या वाक्याला उंचीवर एखादे अक्षर लिही. वाक्ये संपली की आकृतीही संपलेली असते.

दोन्ही काटकोन त्रिकोणांत उंची ही कोनाची संमुख बाजू आहे आणि जमिनीवरचे अंतर ही लगतची बाजू. कर्ण कुठेच नाही, म्हणून टॅन. दूरचे अंतर उंची गुणिले √३, जवळचे अंतर उंची भागिले √३, आणि दोहोंतला फरक ४० मीटर. यावरून उंची २०√३, म्हणजे सुमारे ३४.६४ मीटर येते.

हे सोडवून झाल्यावरच पुढचा भाग वाच. मनोऱ्याचे टोक आणि दोन्ही बिंदू मिळून जो तिरका त्रिकोण होतो, त्याच्याकडे बघ. जवळच्या बिंदूपाशी बाहेरचा कोन ६०° आहे आणि दूरचा आंतरकोन ३०°, म्हणजे टोकाचा कोनही ३०° झाला. दोन कोन सारखे, म्हणून त्यांच्या समोरच्या बाजूही सारख्या : जवळच्या बिंदूपासून टोकापर्यंतचे तिरके अंतर ४० मीटरच आहे. मग उंची ४० गुणिले साइन ६०°, एका ओळीत २०√३. अशी दुसरी वाट शिक्षकांनी दाखवावी ती उदाहरण सुटल्यानंतर, आधी नाही. आधी दाखवली तर ती क्लृप्ती वाटते, नंतर दाखवली तर आकृतीत काय दडलेले असते याचे भान येते.

दोन बारीक गोष्टी राहिल्या. अवनत कोन उंचावरून खाली पाहताना आडव्या रेषेपासून मोजतात, उभ्या मनोऱ्यापासून नव्हे. व्युत्क्रम कोनांमुळे तोच कोन जमिनीवरच्या बिंदूपाशी येतो. आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांची उंची दिली असेल तर आडवी रेघ डोळ्यांच्या पातळीवर काढावी. वरच्या उदाहरणात डोळे जमिनीपासून १.५ मीटरवर असते, तर मनोरा सुमारे ३६.१४ मीटर उंच निघाला असता.

प्रश्न : कॅल्क्युलेटरवर साइन ३० केले तर −०.९८८ येते. यंत्र बिघडले आहे का? (एक विद्यार्थिनी)

उत्तर : नाही, ते रेडियनमध्ये आहे. १ रेडियन म्हणजे सुमारे ५७.३°, म्हणून ३० रेडियन हा फार मोठा, अनेक फेऱ्यांचा कोन झाला. पडद्यावरची खूण अंशांवर आण, ०.५ येईल. कधी ०.४५४ आले तर यंत्र ग्रेड या तिसऱ्या मापात गेले आहे असे समज. त्यात काटकोनाचे १०० भाग असतात. परीक्षेला बसताना सर्वांत आधी साइन ३० करून पाहावे, आणि साइनच्या डोक्यावर −१ असलेले बटण कोन शोधण्यासाठी आहे, कोसेकसाठी नाही, हेही ध्यानात असावे.

प्रश्न : त्रिकोणमितीय समीकरणे सोडवताना माझी उत्तरे कधी कमी येतात, कधी जास्त. सर म्हणतात ‘पडताळा घे’, पण जी उत्तरे आलीच नाहीत त्यांचा पडताळा कसा घ्यायचा? (एक विद्यार्थी)

उत्तर : प्रश्न अगदी योग्य जागी बोट ठेवणारा आहे. जास्त आलेली उत्तरे पडताळ्याने गळतात, पण हरवलेली उत्तरे पडताळ्याने परत येत नाहीत. ती हरवणारच नाहीत अशी पायरी निवडावी लागते.

०° ते ३६०° मध्ये २ साइन क्ष कॉस क्ष = कॉस क्ष हे समीकरण घे. दोन्ही बाजूंना कॉस क्षने भागले की साइन क्ष = १/२ उरते आणि ३०° व १५०° ही दोन उत्तरे मिळतात. भागताना कॉस क्ष शून्य नाही असे तू न बोलता गृहीत धरलेस, आणि तो शून्य असतानाची ९०° व २७०° ही उत्तरे तेथेच गेली. त्याऐवजी सगळे एका बाजूला आणून कॉस क्ष सामाईक काढ : कॉस क्ष गुणिले (२ साइन क्ष − १) = ०. आता चारही उत्तरे आपोआप येतात. चल असलेल्या पदाने भागण्याऐवजी अवयव पाडायचे, हा नियम मी शिकणाऱ्याला डोळे मिटून पाळायला सांगेन.

जास्तीची उत्तरे वर्ग केल्याने येतात. साइन क्ष + कॉस क्ष = १ याचा वर्ग केला की २ साइन क्ष कॉस क्ष = ० मिळते आणि ०°, ९०°, १८०°, २७०° अशी चार उत्तरे दिसतात. मूळ समीकरणात घातल्यावर पहिली दोन टिकतात. उरलेल्या दोहोंना बेरीज −१ येते. वर्ग करताना १ आणि −१ यांतला भेद पुसला गेला होता, तो पडताळ्याने पुन्हा उघड होतो. म्हणजे तुझे सर म्हणतात ते बरोबर आहे, पण ते वर्ग केल्यानंतरचे औषध आहे. भागाकाराच्या चुकीवर त्याचा इलाज चालत नाही.

याच जातीची एक चूक त्रिकोण सोडवताना होते. एका त्रिकोणात अ कोन ३०°, त्याच्या समोरची बाजू ६ आणि ब कोनासमोरची बाजू १० दिली आहे. साइन नियमाने साइन ब = ०.८३३ येते आणि कॅल्क्युलेटर ५६.४४° दाखवून थांबतो. पण १२३.५६° चा साइनही तेवढाच आहे, आणि ३०° मध्ये तो मिळवला तरी बेरीज १८०° च्या आत राहते. म्हणून असे दोन वेगळे त्रिकोण खरोखर काढता येतात. कंपास घेऊन ६ लांबीचा कंस मारून बघ, तो समोरच्या रेषेला दोन ठिकाणी छेदतो.

प्रश्न : मी शिकवणी घेतो. विद्यार्थी अडला की किती सांगावे आणि किती राखून ठेवावे, हे ठरत नाही. गप्प राहिलो तर तो निराश होतो, सांगितले तर विचार करत नाही. (एक शिक्षक)

उत्तर : आपल्याला पडलेला हा प्रश्न शिकवण्याच्या कामातला सर्वांत कठीण प्रश्न आहे असे मला मनापासून वाटते, आणि त्याचे एकच एक माप सांगता येणार नाही. तरी क्रम सांगता येतो. सर्वांत आधी विद्यार्थ्याकडून उदाहरण त्याच्या शब्दांत वदवून घ्यावे. निम्म्या वेळा अडचण तेथेच सुटते, कारण त्याने ‘उन्नत कोन’ वाचलेला नसतो किंवा ‘लघुकोन’ ही अट सुटलेली असते. मग आकृतीकडे किंवा दोन बाजूंतल्या फरकाकडे लक्ष वेधावे : ‘उजवीकडे फक्त टॅन आहे, डावीकडे काय काय आहे?’ त्यानेही न हलल्यास त्याच धाटणीचे सोपे उदाहरण द्यावे. सूत्राचे नाव सांगणे ही शेवटून दुसरी मदत, पायरी लिहून देणे ही शेवटची. प्रत्येक मदतीनंतर थांबावे. विद्यार्थी विचार करत असतानाची शांतता शिक्षकाला जेवढी जड वाटते तेवढी ती विद्यार्थ्याला वाटत नाही.

चूक दिसली की ‘चूक’ म्हणण्याचीही घाई नको. साइन (अ + ब) = साइन अ + साइन ब असे विद्यार्थ्याने लिहिले, तर सूत्र सांगण्याआधी अ ला ३०° आणि ब ला ६०° घालायला सांगावे. डावीकडे साइन ९०°, म्हणजे १ येतो, उजवीकडे ०.५ आणि ०.८६६ मिळून १.३६६. साइन १ पेक्षा मोठा होऊ शकत नाही हे त्याला माहीत असते, म्हणून आपले विधान तो स्वतःच मागे घेतो. साइन म्हणजे कंसाला गुणणारी संख्या आहे, असे त्याच्या मनात कुठेतरी बसलेले असते. ते बोलून दाखवण्याची हीच वेळ असते.

आणि कधीतरी, आधी न पाहिलेले उदाहरण विद्यार्थ्यालाच निवडू द्यावे आणि ते त्याच्यासमोर मोठ्याने विचार करत सोडवावे. ‘हे करून पाहू... नाही, छेद वाढतच चालला आहे, मागे येऊ’ असे शिक्षकांच्या तोंडून ऐकणे त्याच्यासाठी फार मोलाचे असते. वाट चुकल्याचे कसे ओळखायचे, हे तयार सिद्धतेतून शिकता येत नाही.

प्रश्न : प्रमाण कोनांच्या किमतींचा तक्ता पाठ करावा का? शिकवणीत रोज म्हणवून घेतात. (एक विद्यार्थिनी)

उत्तर : पाठ असावा, पण विसरल्यास काढता यावा. बाजू २ असलेला समभुज त्रिकोण शिरोलंबाने निम्मा केला की १, √३ आणि २ अशा बाजू मिळतात, त्यांतून ३०° व ६०° च्या सगळ्या किमती येतात. बाजू १ असलेल्या चौरसाच्या कर्णाने ४५° च्या. लक्षात ठेवायला साइनच्या किमती √०, √१, √२, √३, √४ यांना प्रत्येकी २ ने भागून मिळतात. कॉससाठी तोच क्रम उलटा.

या निमित्ताने सांगण्यासारखे आहे की, कोनांच्या किमती हाताशी असाव्यात ही गरज फार जुनी आहे. इ. स. ४९९ च्या आर्यभटीयात ३ अंश ४५ कलांच्या अंतराने २४ ‘ज्यां’चा (ज्या म्हणजे त्रिज्येने गुणलेला साइन) तक्ता दिला आहे. पुढे ७ व्या शतकात पहिल्या भास्कराचार्यांनी तक्त्याशिवाय किंमत काढण्याची रीत सांगितली. आजच्या भाषेत ती अशी : कोनाचे अंश आणि १८० मधून ते वजा करून उरलेले अंश यांचा गुणाकार करा, त्या गुणाकाराच्या चौपटीला ४०५०० वजा तोच गुणाकार याने भागा. ३०° साठी गुणाकार ४५००, म्हणून १८००० भागिले ३६०००, नेमके ०.५. ४५° साठी ०.७०५९ येते, खरी किंमत ०.७०७१ आहे. एखाद्या तासाला शिक्षकांबरोबर ही रीत ६०° आणि ९०° ला लावून पाहा.

प्रश्न : उदाहरण संगणकाला दिले की तो सगळ्या पायऱ्यांसह उत्तर देतो. मग शिकवणीचे शिक्षक कशाला, असे मुलगा विचारतो. शिवाय त्याचे उत्तर आणि शिक्षकांचे उत्तर कधी कधी वेगळेच दिसते. (एक पालक)

उत्तर : स्वतः सोडवून झाल्यावर ताळा पाहण्यासाठी संगणक जरूर वापरावा. आधीच वापरला तर पहिल्या पत्रातल्या विद्यार्थिनीची अडचण त्यालाही येईल. पायऱ्या पटतील, पण निवडता येणार नाहीत. शिवाय मुलगा नेमका कोणत्या ओळीला थबकला आणि त्यावेळी त्याच्या मनात काय होते, हे विचारण्याचे काम समोर बसलेला शिक्षक करतो, आणि शिकवणीची खरी किंमत त्यात आहे.

उत्तरे वेगळी दिसतात ती पुष्कळदा एकच असतात. साइन ७५° काढताना ४५° आणि ३०° यांच्या बेरजेचे सूत्र लावले तर (√६ + √२) भागिले ४ येते. १५०° च्या अर्ध्या कोनाचे सूत्र लावले तर (२ + √३) याचे वर्गमूळ भागिले २ येते. मुलाला दोहोंचा वर्ग करायला सांगा. पहिल्याचा वर्ग (८ + ४√३) भागिले १६, म्हणजेच (२ + √३) भागिले ४, दुसऱ्याचाही तोच. दोन्ही किमती धन आहेत, म्हणून त्या समान आहेत, सुमारे ०.९६५९. त्या धन आहेत हे वाक्य त्याने स्वतःहून लिहिले का, तेवढे पाहा.